अर्धा कप

"तुमच्याकडे होतं काय, सर?"

चपला काढायच्या आधीच निनाद बर्वेने विचारलं. गोव्याहून सावंतवाडीपर्यंत हा एकच प्रश्न तो चघळत आला होता.

केंकरे सरांनी त्याला चटईवर बसायला खुणावलं. पोकर शिकवणाऱ्या माणसाला गुरू म्हणावं का, यावर गावात मतभेद होते. निनादला तशी शंका कधी आली नाही. पाच वर्षं तो रोज याच ओसरीवर शिकला, आणि काल गोव्याच्या स्पर्धेत शेवटी दोघेच उरले, सर आणि तो.

"कुठल्या डावात म्हणतोस?"

"तुम्ही सगळ्या चिप्स पुढे लोटल्यात, त्या. माझ्याकडे राजांची जोडी होती. मी टाकून दिली. तिथून माझा खेळच बसला, सर. हरलो."

"का टाकलीस?"

"तुमचा उजवा हात थरथरला. तुम्हीच शिकवलंत ना? थाप मारणारा हात दगडासारखा ठेवतो. भारी पानं आली की हात थरथरतो."

"बरोबर."

"मग काय होतं?"

"दुर्री आणि सत्ती."

निनादचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"म्हणजे नाटक केलंत! माझ्याशी! स्वतःच्या शिष्याशी!"

 डाव्या हाताने सरांनी थर्मास पुढे ओढला आणि स्वतःच्या कपात चहा ओतू लागले.

सरांच्या अर्ध्या कपाची शिष्यमंडळीत मोठी कीर्ती होती. गेली काही वर्षं चहा ते अर्धाच कप घेत. 'निम्म्यावर थांबता येणं, याला म्हणतात संयम,' असं निनाद नव्या मुलांना सांगायचा. चारचौघांत तोही अर्धाच कप प्यायचा, शहाणा.

आज सर निम्म्यावर थांबले नाहीत. कप काठोकाठ भरला. मग मांडीखाली दाबून ठेवलेला उजवा हात त्यांनी बाहेर काढला आणि कप उचलला.

चहा सदऱ्यावर सांडला, चटईवर सांडला... तोंडापर्यंत निम्मा पोहोचला.



"कधीपासून?" निनादने विचारलं.

"झाली दोन वर्षं."

"पण खेळताना कधी..."

"खेळतो डाव्या हाताने. सगळ्या चिप्स लोटायच्या तर दोन्ही लागतात."

डाव्या हाताचं ते खेळणंही निनादला सरांची युक्ती वाटायची. घरी त्याने त्याचा सरावसुद्धा केला होता.

"आणि मी त्या थरथरीचा भलताच अर्थ लावणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. मी खेळायला बसलो होतो."

"मला सांगायचं तरी, सर! मी रोज इथे यायचो."

"रोज यायचास."

...

निनादला रडू आलं. रागही आला, पण तो कोणावर काढावा हे त्याला कळेना. तो गुडघ्यांवर पुढे सरकला आणि सरांच्या ओठांशी धरायला म्हणून त्याने कपाला हात घातला.

सरांनी कप बाजूला घेतला. उरलेला चहाही सांडला.

"राहू दे, निनाद. तू पानं टाकलीस. टाकल्यावर त्या डावात परत हात घालता येत नाही."