महाराजांच्या डोक्यावरची कडी

राजा भद्रसेनाच्या होडीवरचं छत पुन्हा उडालं! भर समुद्रात, पाहुण्यांसमोर!

छताच्या पितळी कड्या हिरव्या पडल्या होत्या, लोखंडी गंजून तुटल्या होत्या. मग दिवाणजींनी अक्कल पाजळली, "महाराज, सोन्याच्या करू. सोनं गंजत नाही!" नाहीच गंजलं. पहिल्याच वाऱ्यात वाकलं, आणि छत गेलं!

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसं छत उडालं तरी राजाचा तोरा काही उडाला नाही. चूक दिवाणाची आणि खेकसला तो होडी बांधणाऱ्या गोमाजी सुतारावर. "गंजणार नाही, वाकणार नाही, तुटणार नाही अशी कडी पुनवेपर्यंत आण! नाहीतर गाव सोड!"

गोमाजी डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक भागी म्हणाली, "रडतंस कित्याक, बाबा? कड्यो मी करतंय!"

भागीला त्या दरबारी शहाण्यांची कीव आली. नारळाची सोडणं महिनोन्महिने खाडीत कुजवून, कुटून तिची आई सुंभ वळायची. खाऱ्या पाण्यातून निघालेल्या सुंभाला खारं पाणी काय खाणार? तिने त्याच्या घट्ट कड्या वळल्या आणि वरून तांबडं रेशीम गुंडाळलं.

पुनवेला राजा, दिवाणजी आणि भागीला घेऊन होडी समुद्रात गेली. वारा उठला, लाटा उसळल्या, दिवाणजी आडवे झाले. छत जागचं हललं नाही!

"शाब्बास!" राजा म्हणाला. "कुठला धातू गं हा?"

"धातू खंयचो, महाराज? नारळाचो सुंभ!"

राजा लालबुंद झाला. "सुंभ? माझ्या डोक्यावर? आत्ताच्या आत्ता काढ!"

"काढतंय!" भागीने कमरेचा कोयता उपसला आणि राजाच्या पायाखालचा गालिचा झर्रकन ओढला. खाली होडीच्या फळ्या होत्या. एकीला दुसरी सुंभाने शिवलेली, खिळा एकही नाही!

"महाराज, ह्यो पन सुंभच! बसाक चलता, डोक्यार चलणा नाय? सांगा, आधी खंयचो कापू?"

राजाने खाली पाहिलं. फळ्यांपलीकडे अथांग पाणी होतं. त्याने घाईघाईने पाय वर घेतले आणि मग असा खो खो हसला, की होडी डुलायला लागली.

"म्यान कर गं बाई, तो कोयता! तुझा बाप गावातच राहील, आणि माझ्या सगळ्या होड्या तोच बांधील. त्या सोन्याच्या कड्या तू घे, मोडून दागिने कर. समुद्रात त्या दिवाणजींइतक्याच कामाच्या आहेत!"