होडीच्या घाटावरचा मोर

एका गावात एक सुतार होता. त्याच्यासारखा कारागीर पंचक्रोशीत नाही, असं गावाचं म्हणणं होतं. सुताराचंही तेच म्हणणं होतं.

गाव एका मोठ्या नदीच्या काठी होतं. बाजार पलीकडच्या काठावर, वैद्य पलीकडे, निम्म्या गावाची सोयरीकही पलीकडेच. ये-जा करायला होडी एकच, आणि होडीवाल्याचं घरसुद्धा पलीकडे. अलीकडच्या घाटावर माणूस दिसला की तो होडी सोडायचा. नदीचं पात्र इतकं रुंद, की हाक मारून काही उपयोग नसे. सगळा कारभार नजरेवर चाले.

उन्हापावसात लोकांना ताटकळावं लागू नये म्हणून गावच्या कारभाऱ्याने पूर्वी घाटावर एक दगडी खोली बांधली होती. खोली होती भक्कम, पण आत अंधार आणि बाहेरून नुसती बोडकी. तिथे बसावंसं कुणाला वाटेना. वर्षभरात तिच्यात म्हशी बसू लागल्या आणि माणसं पुन्हा बाहेर पायऱ्यांवर.

शेवटी कारभाऱ्याने ती खोली पाडली आणि तो सुताराकडे आला. "बाबा रे, आता तूच काहीतरी कर. लोकांना बसावंसं वाटेल असा निवारा बांध."

"बसावंसं? कारभारी, लोकांना तिथून उठावंसं वाटणार नाही!" सुतार म्हणाला.

चार महिने तो खपला. नदीच्या बाजूला त्याने सागवानाची जाळी उभी केली. तिच्यात वेली, वेलींवर पोपट, पोपटांच्या चोचीत डाळिंबाचे दाणे. आत बसायला लाकडी कमळं, पाकळ्यांची टोकं सुबक वर आलेली. छप्परही उमलत्या कमळाचं, आणि उमलतं कमळ मधोमध मिटलेलं कसं चालेल? म्हणून मधोमध उघडं. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली.

फक्त एक कुंभारीण डोक्यावर मडक्यांची टोपली घेऊन आली, दारातूनच आत इकडे तिकडे बघू लागली आणि म्हणाली, "दादा, समदं लई ग्वाड झालंय. पर ही टोपली मी टेकवू कुठं?"

सुताराला राग आला. "मावशी, ही कला आहे. मडकी ठेवायची फळी नाही."

"बरं बाई," म्हणून ती निघून गेली.

आता त्या गावाची एक जुनी रीत होती. गावासाठी कुणी काही बांधलं, तर पहिला वापर बांधणाऱ्याने करायचा. विहीर खोदणाऱ्याने पहिला तांब्या प्यायचा, पूल बांधणाऱ्याने पहिली गाडी हाकायची. तोवर दुसऱ्या कुणी तिथे पाऊल टाकायचं नाही, आणि बांधणाऱ्यानेही काम झाल्याशिवाय जागा सोडायची नाही. म्हणजे सुताराने आपल्या निवाऱ्यात एकट्याने बसायचं आणि होडी आली की उठायचं.

सुताराने मुद्दाम दिवस निवडला तो नातवाच्या बारशाचा. सून पहिल्या बाळंतपणाला पलीकडच्या गावी माहेरी गेली होती. घरची सगळी मंडळी आदल्या दिवशीच तिकडे पोचली. मागे राहिला सुतार आणि त्याने नातवासाठी स्वतः कोरलेला पाळणा. दुपारी बाळाला पाळण्यात घालायचं होतं. "सकाळच्या होडीने पाळणा घेऊन येतो," असं त्याने बायकोला बजावून सांगितलं होतं.

सकाळी गाव जमलं, हार घातला, नारळ फोडला, आणि दिवसभर घाट सुताराला मोकळा सोडून मंडळी आपापल्या कामाला गेली. सुतार पाळणा मांडीशी घेऊन कमळात बसला. छाती अभिमानाने फुगलेली.

थोड्या वेळाने पाकळीचं टोक टोचायला लागलं. त्याने बैठक बदलली. दुसरी पाकळी टोचली. ऊन चढलं तसं छपराच्या मधल्या भोकातून थेट डोक्यावर आलं. ऊन सरकेल तसा तोही एका कमळावरून दुसऱ्या कमळावर सरकत राहिला. होडी काही येईना. त्याने जाळीला डोळा लावला. वेली, पोपट आणि डाळिंबं यांच्यामधून पाण्याचे चारदोन ठिपके दिसले, बाकी काही नाही. त्याने हाका मारल्या. हाका नदीने गिळल्या.

बाहेर जाऊन हात हलवावा, असं दहादा मनात आलं. पण रीत मोडून कसं चालेल? आणि खरं सांगायचं तर, आपल्याच निवाऱ्यातून उठून पायऱ्यांवर उभं राहणं त्याच्या जिवावर आलं. दुपार झाली. दुपार उलटली. पाळण्याच्या कडेवर हात ठेवून तो म्हातारा डोळे पुसत बसला.

ऊन उतरल्यावर कुंभारीण आली. डोक्यावर टोपली. सुतार केव्हाच पलीकडे गेला असणार, असं तिने धरलेलं. आत टोपली टेकवायची सोय नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती सरळ पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. आणि काय! पलीकडून लगेच होडी सुटली.

वल्ह्यांचा आवाज ऐकून सुतार पाळण्यासकट धावत बाहेर आला. त्याला बघून होडीवाला चाटच पडला. "सुतारकाका, तुमी हितं? आन् कवापासनं?"

"सकाळपासून! तू आला का नाहीस?"

"अहो, मी सकाळपासनं तिकडं बसून तुमची जाळीच बघत हुतो. काय काम केलंय! पर आत कुणी हाय, ते दिसंल तवा ना?"

सुतार पाळणा घेऊन होडीत चढला. होडीत त्याने कुंभारणीची टोपली आपल्या हाताने उतरवून घेतली.

तो पोचला तेव्हा बारसं आटोपलं होतं. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं होतं, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. बाळ झोपलं होतं शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या पाळण्यात. सूनबाईने सासऱ्यांना पाणी दिलं आणि एवढंच म्हणाली, "मामंजी, आम्ही खूप वेळ थांबलो हो."

ते बोलणं सुताराला त्या पाकळ्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तो हत्यारं घेऊन घाटावर हजर. कारभारीही आला होता, कपाळाला आठ्या घालून. "हे पाडून टाकू. आपली दगडी खोलीच बरी होती."

"म्हशींना बरी होती," सुतार म्हणाला. "कारभारी, पाडायला मी आलो नाही. अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला आलोय."

मग त्याने चार महिन्यांची ती जाळी स्वतःच्या हाताने उतरवली. नदीची बाजू मोकळी झाली. तीच जाळी त्याने पश्चिमेला बसवली. आता दुपारचं ऊन तिच्यात अडायचं आणि वारा तिच्यातून आत यायचा. कमळांच्या पाकळ्या रंध्याने तासून सपाट केल्या. खांद्याइतक्या उंचीवर एक रुंद फळी ठोकली आणि कुंभारणीला बोलावून घेतलं. "मावशी, टोपली टेकवून बघा."

तिने कुणाचा हात न लागता टोपली टेकवली. मोकळी मान दोन्हीकडे फिरवली आणि हसली. "आता बसावंसं वाटतंया बघा."

छपराचं भोक राहिलं होतं. ते त्याने फळ्यांनी बुजवलं आणि वर लाकडाचा एक मोर बसवला, निळाशार, मान खाली घातलेला. आतून दोरी ओढली की मोर मान वर करी. ती निळी मान पलीकडच्या काठावरून लख्ख दिसे. आता घाटाकडे डोळे लावून बसायची होडीवाल्याला गरज उरली नाही, आणि लोकांना उन्हात उभं राहायची.

त्या निवाऱ्यात पुन्हा कधी म्हैस शिरली नाही. शिरूच दिली नाही कुणी. बायका येता-जाता तो झाडायच्या, दारात रांगोळीची दोन बोटं ओढायच्या.

सहा महिन्यांनी नातवाचं उष्टावण आलं, तेही पलीकडेच. सुतार एकटाच घाटावर आला. कमळावर आरामात टेकला आणि त्याने दोरी ओढली. मोराने मान वर केली. पलीकडून होडी सुटली.

उष्टावणाला त्या दिवशी सगळ्यांत आधी आजोबा पोचले. खिरीचं ताट अजून वाढायचं होतं. बाळ पाळण्यात जागं होतं, आणि पाळणा आजोबांचाच होता.

तात्पर्य: चारचौघांसाठी बांधलेलं देखणं जरूर असावं, पण त्या चौघांच्या कामी येणारं असावं, आणि ते तसं झालंय की नाही, हे बांधणाऱ्याने आधी स्वतः तिथे बसून बघावं.