पश्चिमेची काच

"थोडा कोळसा चालेल का, भंतेजी?"

भंते विमलसारांनी डोळे उघडले. एवढ्या वर्षांत नाना तऱ्हेचे प्रश्न त्यांच्यापुढे आले होते, हा मात्र नवा होता.

विचारणारा निखिलेश रामटेके. चंद्रपूरकडच्या याच गावातला, लहानपणी भंतेंकडून त्रिशरण शिकलेला, पुढे आर्किटेक्ट झालेला. गावचं नवं विहार त्यानंच बांधलं होतं.

गाव कोळशाच्या खाणीला लागून. दोरीवर टाकलेले कपडे वाळेपर्यंत काळे होतात, म्हाताऱ्यांचा खोकला हटत नाही. म्हणून पायाभरणीच्या दिवशी निखिलेशनं सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं, की या विहारासाठी कोळशाचा कणही जळणार नाही. मग छतभर सौर पॅनेल बसवले, त्यावर चालणारे दोन एसी लावले आणि गावात भरपूर भाव खाल्ला.

आता मे महिना होता. दोन्ही एसी धापा टाकत होते आणि विहार तापतच होतं. तिसरा लावायचा तर छतावर पॅनेलला जागा नव्हती. वीज खांबावरून घ्यावी लागणार, म्हणजे कोळशाचीच. शब्द मोडायचाच आहे तर निदान भंतेंना विचारून मोडावा, असं त्याच्या मनात होतं. उपासकांना तोंड कसं दाखवायचं, या विचारानं त्याचा जीव अर्धा झाला होता.

"ऊन कुठून येते?" भंतेंनी विचारलं.

निखिलेशनं पश्चिमेकडे बोट दाखवलं. तिकडची अख्खी भिंत काचेची होती. ती त्यानं मोठ्या हौसेनं केली होती.

"पण आतून जाड पडदे आहेत, भंतेजी. ऊन अडतं."

"पडद्याले हात लावून पाह्य."

निखिलेशनं हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"तापलाय."

"तापला त थो कुठं हाये? आत का बाहेर?"

"आत..."

भंते उठले. खांद्यावरचं दुपदरी चीवर काढून हातात घेतलं, चपला घातल्या आणि भर उन्हात बाहेर पडले. निखिलेश लगबगीनं मागे गेला. रंगाऱ्यांची परांची अजून भिंतीशी उभी होती. तिच्या आडव्या बांबूवर भंतेंनी चीवर पसरलं. काच आणि चीवर यांच्यात वीतभर मोकळी जागा राहिली.

भंतेंचं वस्त्र असं उन्हात टांगलेलं पाहून निखिलेशला कसंतरीच झालं. त्यापेक्षा ते आत पडद्यावर घालतो, असं तो म्हणाला. भंतेंनी नुसतीच नकारार्थी मान हलवली.

दोघं आत येऊन बसले. अर्धा तास गेला.

शेवटी निखिलेश स्वतःच उठला. चीवराच्या सावलीतल्या पडद्याला त्यानं हात लावला. हात तिथंच राहिला. शेजारच्या पडद्याला लावला, तर पुन्हा चटका. एवढं शिकून आपण हे केलं, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"सगळ्या भिंतीला बाहेरून सावली केली, तर तिसरा एसी लागणार नाही," तो हळूच म्हणाला. मग थोडा घुटमळला. "पण भंतेजी, मीसुद्धा उन्हाला अडवलंच होतं ना? फक्त आत आल्यावर..."

भंते हसले.

"नको असलेल्या पाहुण्याले फाटकातूनच वापस करा लागते, निखिलेश. थो घरात येऊन बसला, का मंग त्याले चहा पाजाच लागते."