उपाशी शेवाळ

“...मग माझ्याच टाक्या का मेल्या, बाई?”

अभिराम सातघरे अंगणात उभ्या उभ्याच विचारत होता. हातात काचेची बरणी, बरणीत पिवळट पाणी.

डिंगणकरबाई टाकीत काठी फिरवत होत्या. जन्मभर त्यांनी कॉलेजात शेवाळ शिकवलं. आता खाडीकाठच्या घरामागे सिमेंटच्या तीन टाक्या होत्या, तिन्ही हिरव्यागार. अभिराम त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. ही गोष्ट त्याला जरा जास्तच ठाऊक होती.

“वीस दिवसांवर चाचणी आली,” तो म्हणाला. “विमानाचं इंजिन शेवाळाच्या तेलावर चालवून दाखवायचंय. तेल निघालं नाही तर प्रकल्प बंद. आणि टाकीत हे असं.”

बाईंनी काठी ठेवली, बरणी घेतली, उजेडात धरली.

“खत कधी तोडलंस?”

“पहिल्याच दिवशी.”

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

खत तोडलं की शेवाळ उपाशी पडतं आणि अंगात तेल धरू लागतं, हे अभिरामला झोपेतही सांगता आलं असतं. त्याआधी बारा दिवस त्याला भरपूर खाऊ घालून वाढू द्यावं लागतं, हेही तो जाणून होता. पण बारा दिवस कळ कोण काढणार? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

“कुठल्या पुस्तकात वाचलंस हे?”

“पुस्तक कशाला हवं? तुमच्याकडूनच शिकलो.”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

“शेवटची दोन वर्षं तुम्ही मला एक शब्द सांगितला नाहीत. काही विचारलं की, तुझं तू बघ. चुकलो तरी गप्प, जमलं तरी गप्प. उपाशी ठेवलंत मला, बाई. आणि त्या रागावरच मी तेल काढायची ही रीत शोधली. मी उपासावर उभा राहिलो, मग शेवाळाचे लाड कशाला?”

बाईंनी बरणीचं झाकण उघडलं.

मग त्यांनी बरणी त्याच्या बुटांवर ओतली. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. कुजक्या पाण्याचा वास अंगणभर पसरला.

अभिराम मागे सरला नाही.

“आज तरी तोंडाने बोला,” तो म्हणाला.

बाईंचा आवाज चढला. सहा वर्षांत त्याने तो चढलेला कधी ऐकला नव्हता.

“ती दोन वर्षं बरी लक्षात राहिली तुझ्या. त्याआधीची चार वर्षं, दोन्ही वेळा, माझ्या घरी कोण जेवत होतं?”