दोन पेले चहा

"...पण उस्ताद, ही इटलीचीच ना?"

मुकुंद आगटे तिसऱ्यांदा विचारत होते. इंजिनिअर माणूस. शर्यतीची जुनी पोलादी सायकल भंगारातून उचलली होती आणि रविवारच्या जुन्या सायकलींच्या प्रदर्शनात 'इटालियन' म्हणून नोंदवूनही टाकली होती. आता सत्य तेवढं मिळायचं राहिलं होतं.

मिरजेचे बाबालाल उस्ताद म्हणजे सायकलींचे जुने कारागीर. त्यांनी चाकं उतरवली, मागचं चाक बसतं त्या एका खाचेत दोरा बांधला, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणला. दोरा आणि मधली नळी यांच्यात एका बाजूला बोट मावलं, दुसऱ्या बाजूला नाही.

"वाकडी आहे."

"इटालियन फ्रेम वाकडी नसते."

"मग नसेल इटालियन."

उस्तादांनी मागच्या दांड्यांमध्ये लाकडी वासा घातला आणि खांद्यानं रेटलं. आगट्यांनी डोळे मिटून घेतले.

पुन्हा दोरा. आता दोन्हीकडे बोट मावलं. चाकं चढली.

"फ्रेमवरचा नंबर घासलेला आहे," आगटे म्हणाले. "सांध्यांची नक्षी चार पुस्तकांत ताडून पाहिली..."

"काय म्हणतात पुस्तकं?"

"चार वेगळ्या कंपन्या."

"छान."

उस्तादांनी दोन काचेचे पेले काठोकाठ चहानं भरले. आगट्यांना सायकलवर बसवलं आणि दोन्ही हातांत एकेक पेला दिला.

"चौकात घड्याळवाले सदलगे आहेत. त्यांना पोचवा."

"आणि हँडल कोण धरणार?"

"तुम्ही चहा धरा."

"पन्नाशी उलटली माझी! पडलो तर?"

"चहा पुन्हा करू."

आणि उस्तादांनी मागून ढकललं.

"अगंबाई, साहेब सुटले!" भाजीवाली ओरडली. निम्मी गल्ली बाहेर आली. उरलेली आधीच बाहेर होती.

पाव तासानं आगटे परतले. शर्ट चहानं भिजलेला, चष्मा एकाच कानावर, पेले रिकामे. हसू मात्र आवरत नव्हतं.

"सदलगे म्हणाले, निम्माच पोचला... म्हणजे फ्रेम अजून वाकडी?"

"हसण्याआधी सांडला, की हसताना?"

आगट्यांनी आठवून पाहिलं.

"...हसताना."

"मग हललात तुम्ही. फ्रेम सरळ आहे."

"आणि रविवारी? लोक विचारतीलच, कुठल्या कंपनीची..."

उस्तादांनी दोन्ही पेले विसळले, पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि आगट्यांच्या पिशवीत ठेवले.

"जो विचारेल त्याला सायकलवर बसवा... आणि काठोकाठ भरा."