पायानं काढलेली श्री

ही गोष्ट आजच्या कुठल्याही माडापेक्षा जुनी आहे. समुद्राकाठच्या कांदळसरे गावात तेव्हा बयो नावाची हाडं बसवणारी म्हातारी राहायची. तिचा हात लागला की मोडलेलं हाड आपणहून जागेवर यायचं, असं म्हणतात.

त्याच गावात वासू पाडेली होता. माडावर चढून नारळ पाडायचे, यावर त्याचं आणि त्याच्या आईचं पोट. एकदा तो पडला आणि घोट्यात पाय मोडला. बयोनं हाड बसवलं, कामट्या बांधल्या आणि सांगितलं, दीड महिन्यानं सोडा. पण गावाची रीतच अशी, की मोडक्या पायाला वारा लागू द्यायचा नाही. आईनं मायेपोटी सहा महिने पट्टी सोडली नाही. सोडली तेव्हा बिचारीनं किंकाळीच फोडली! पोटरी वाळून काठी झालेली आणि घोटा जाम, हलता हलेना. घोटा वाकत नाही तो माडावर चढणार कसा?

बयोनं वासूला किनाऱ्यावर बसवलं, टाच वाळूत रोवायला लावली आणि म्हणाली, "अंगठ्यान श्री काढ."

सारा गाव हबकला. श्री, आणि पायानं? अहो, पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण चटकन नमस्कार करतो! पंतोजी तावातावानं आले. "बयो, सरस्वतीला पाय लावतेस? दसऱ्यापर्यंत हा माडावर चढला नाही, तर तुला गावाबाहेर काढू!"

"पंतोजीनू, माका लिवूक येणा नाय," बयो म्हणाली. "पण ह्या एका अक्षरात घोटो सगळीकडे वळता. देवान पायाक अंगठो दिल्यान, तो कित्याक?"

मग रोज शंभर वेळा श्री. त्यानंतर उभं राहून टाचा उचलायच्या आणि वर टांगलेल्या नारळाला डोकं टेकवायचं. बयो तो नारळ रोज केसभर वर सरकवायची. वासू रडायचा, तिला शिव्या घालायचा, पण एक दिवस चुकवला नाही त्यानं.

दसऱ्याच्या सकाळी पंतोजी वासूनं आदल्या दिवशी काढलेली श्री पुसायला किनाऱ्यावर गेले. भरती येऊन ओसरली होती, आणि श्री जशीच्या तशी! असं म्हणतात, की पुसायला पुढे केलेला त्यांचा हात तसाच राहिला. तेवढ्यात आभाळातून हाक आली, "पंतोजीनू, बाजूक व्हा, नारळ पडतलो!"

वर बघतात तर गावातल्या सगळ्यात उंच माडाच्या शेंड्याला वासू! पंतोजी मटकन वाळूतच बसले.

अजूनही कांदळसऱ्यात दसऱ्याला पाटीवर हातानं सरस्वती काढतात आणि मग सगळे किनाऱ्यावर जातात. त्या वर्षी ज्याचा पाय मोडला असेल त्याला मधोमध बसवतात. पाहुणे तोंडात बोट घालून बघत राहतात. पण पहिली श्री त्याची नसते. ती शाळेचे गुरुजी काढतात, चप्पल बाजूला ठेवून, पायाच्या अंगठ्यानं.