राणीचं पान

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता. सात कोसांवरची मुंगी कोणत्या पायाने लंगडते, ते तो गच्चीतून सांगे. नजरेची मिजास केवढी!

राणी माणकावती स्वतः रांधी, स्वतः वाढी. एकदा एक मांत्रिक पंगतीला बसला. बोटं चाटत म्हणाला, "राजा, हे कोणी रांधलं?"

राजाने मान वर केली नाही. "असेल कोणीतरी."

"तर ते कोणीतरी तुला दिसणार नाही, ऐकू येणार नाही. बारा पौर्णिमा सरल्या, की कोणालाच दिसणार नाही."

राजा हसला. एक आचारी गेला, तर दुसरा येईल!

दुसऱ्या दिवशी राणी नाहीशी झाली. म्हणजे राजापुरती, ती तिथेच पाटाशी उभी होती. प्रधान सांगू जाई, तर त्याची जीभ टाळूला चिकटे. राजा दिवसभर रानोमाळ राणीला शोधी, परतून गरम ताटावर बसे आणि उसासे टाकी. ताट कोण वाढतं, हे काही त्याने विचारलं नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

बाराव्या पौर्णिमेला तीनच दिवस उरले, तेव्हा रानातली साळुंकी बोलली, "राजा, राणी हवी तर तीन कामं कर. समुद्रतळाचा मोती आण." राजाने आणला. "नागाचा मणी आण." तोही आणला.

"ही दोन कामं तुझ्या मिजाशीसाठी होती," साळुंकी म्हणाली. "आता आपल्या हाताने भाकरी कर, पान वाढ, आणि ते संपेपर्यंत उपाशी थांब."

"कोणासाठी वाढू?"

"वाढ तर खरं."

पौर्णिमेचा दिवस कलत होता. राजाची बोटं भाजली, भाकरी करपली. त्याने पान मांडलं. समोर कोणी नाही. बराच वेळ भाकरी तशीच राहिली, कारण माणकावतीला आजवर कोणी वाढलंच नव्हतं. मग एक घास तुटला. दुसरा तुटला.

राजाला सारं उमगलं. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. डोळे भरून आले, तीक्ष्ण नजर धूसर झाली, आणि त्या धूसर नजरेला एक मनगट दिसलं. त्यावर भाजल्याचा जुना डाग होता.

"राणी, हा डाग कधीचा?"

"महाराजांच्या राज्याभिषेकाच्या पुरणाचा."

"मला कसा दिसला नाही?"

"मुंग्या मोजायच्या होत्या ना!" राणी हसली. प्रधानाची जीभ सुटली आणि तो बोलतच सुटला.

तेव्हापासून त्या राज्यात वाढणाऱ्याचं पान आधी मांडतात. त्या दिवशी मात्र राणीने रिकामं पान पुढे सरकवलं. "करपलीय खरी, पण आणखी एक वाढा."